गंगाराम तांबट : पेशवेकालीन पुण्यातील एका अल्पख्यात चित्रकाराचे जीवन व कार्य

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील आधुनिक चित्रकलेचा इतिहास सामान्यतः १८५७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेपासून सांगितला जातो. यथार्थदर्शन, छायाप्रकाश आणि वस्तूकडे प्रत्यक्ष पाहून केलेले रेखाटन ही पाश्चात्त्य तत्त्वे मराठी चित्रकारांनी या कलाशाळेत प्रथम आत्मसात केली, अशी समजूत पाठ्यपुस्तकांतूनही रूढ झाली आहे. तथापि कलाशाळेच्या स्थापनेपूर्वी सुमारे पासष्ट वर्षे पुणे शहरात, तेही पेशव्यांच्या वाड्यात, या तत्त्वांची ओळख करून देणारी चित्रशाळा चालली होती. या काळातील एका मराठी चित्रकाराची चित्रे आजही पाहावयास मिळतात. गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट हे त्यांचे नाव होय.

गंगाराम यांनी पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा चितारला, पर्वतीचे दृश्य काढले आणि वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. त्यांची रेखाटने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेपर्यंत पोहोचली. असे असूनही मराठी वाचकाला राजा रविवर्मा किंवा रावबहादूर धुरंधर यांची नावे जितकी परिचित आहेत, त्याच्या शतांशानेही गंगाराम यांचे नाव परिचित नाही. गंगाराम यांच्या जीवनकार्याचा परिचय करून देणे आणि त्यांचे नाव मागे का पडले याची कारणमीमांसा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. गुणवत्तेच्या अभावामुळे हे नाव मागे पडले नाही. चित्र कागदावरून छापील पानावर जाण्याची प्रक्रिया आणि चित्रसंग्रहांचा प्रवास या दोन गोष्टी त्यास कारणीभूत ठरल्या, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

अल्पख्यात चित्रकारांच्या अभ्यासाची पद्धती :

ज्या चित्रकाराचे चरित्रग्रंथ नाहीत, आत्मवृत्त नाही, शिष्यपरंपरेने जपलेल्या आठवणी नाहीत, त्याचा अभ्यास कसा करावा, हा प्रश्न केवळ भारतापुरता मर्यादित नाही. फ्लँडर्समधील क्लारा पीटर्स या चित्रकर्तीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. तिच्या ज्ञात चित्रांवरील साले १६०७ ते १६२१ या काळातील आहेत. चीज, मासे, बदाम, फुले आणि धातूची चकाकती भांडी असे विषय ती रंगवीत असे. कलासमीक्षेत या प्रकारास 'स्थिरचित्र' म्हणतात. तिच्या काही चित्रांत चांदीच्या सुरीच्या मुठीवर तिचे नाव कोरल्यासारखे रंगविलेले आढळते, तर काही चित्रांत धातूच्या पेल्यावर आणि सुरईच्या झाकणावर तिची स्वतःची सूक्ष्म प्रतिबिंबे दिसतात. अभ्यासकांनी ही नावे आणि प्रतिबिंबे बारकाईने तपासली. पुढे २०१६ मध्ये माद्रिद येथील प्रादो संग्रहालयाने तिच्या चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले. त्या संग्रहालयाच्या इतिहासात एखाद्या स्त्री चित्रकाराला वाहिलेले हे पहिलेच प्रदर्शन होते.

या उदाहरणावरून एक पद्धती हाती येते. चरित्राची साधने तुटपुंजी असतील तेव्हा चित्र हेच प्रमुख साधन मानावे लागते. चित्रावरील नाव, त्यावरील टीप, कागद, रंगद्रव्य, चित्राचा मालक आणि ते ज्या ग्रंथात छापले गेले तो ग्रंथ, या सर्वांची एकत्र संगती लावली म्हणजे चित्रकाराची आकृती स्पष्ट होऊ लागते. गंगाराम यांच्या बाबतीत चित्रांच्या जोडीला जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची रोजनिशी, सर चार्ल्स मॅलेट यांचे लेखन आणि इतिहाससंशोधक दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांचा १९२१ मधील 'पूना इन बायगॉन डेज' हा इंग्रजी ग्रंथ उपयोगी पडतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

चार्ल्स वॉर मॅलेट हे ईस्ट इंडिया कंपनीचे पहिले रेसिडेंट म्हणून १७८६ मध्ये पुण्यास आले. मुळा आणि मुठा या नद्यांच्या संगमावर त्यांचा मुक्काम होता. टिपू सुलतानाविरुद्ध कंपनी, पेशवे आणि निजाम यांची एकजूट करणे हे त्यांचे प्रमुख राजकीय कार्य होते. त्यानुसार जून १७९० मध्ये पुण्याचा तह झाला. त्या वेळी पेशवेपदावर असलेले सवाई माधवराव अवघे सोळा वर्षांचे होते आणि कारभाराची सूत्रे नाना फडणवीस यांच्या हाती होती.

मॅलेट हे केवळ मुत्सद्दी नव्हते. लेणी, वनस्पती, पशुपक्षी, देवदेवता आणि स्थानिक चालीरीती यांची माहिती चित्रांसह गोळा करण्याची त्यांना आवड होती. ही आवड अर्थातच निखळ ज्ञानपिपासा म्हणून पाहता येत नाही. ज्या प्रदेशाशी राजकीय व्यवहार करावयाचा त्याची साद्यंत माहिती असणे ही कंपनीची गरज होती आणि छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वीच्या त्या काळात कुशल चित्रकार हाच माहितीचा विश्वासार्ह वाहक होता. कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी भारतीय चित्रकारांनी काढलेल्या अशा चित्रांना पुढे 'कंपनी शैली' हे नाव मिळाले. मुर्शिदाबाद, पाटणा, लखनौ, कलकत्ता ही या शैलीची केंद्रे सर्वश्रुत आहेत. पुण्याचे नाव मात्र त्यांच्या पंक्तीत क्वचितच घेतले जाते.

पुण्यात चित्रकलेची परंपरा नव्हती असे नाही. मेणवली येथील नाना फडणवीसांचा वाडा आणि वाई येथील रास्त्यांची मोतीबाग येथील भित्तिचित्रे पेशवेकालीन चितारकामाची साक्ष देतात. पौराणिक प्रसंग, देवतांच्या आकृती, मिरवणुका असे विषय भडक, सपाट रंगांत आणि ठाशीव बाह्यरेषेत रंगविण्याची ही रीत होती. गंगाराम यांची चित्रदृष्टी या वातावरणात घडली आणि पुढे तिला दुसऱ्या एका रीतीची जोड मिळाली.

तांबट हे नाव :

तांबट म्हणजे तांब्यापितळेची भांडी घडविणारा कारागीर. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी या व्यवसायाची आठवण आजही जपून आहे. गंगाराम यांच्या नावाला जोडलेली ही व्यवसायवाचक संज्ञा त्यांच्या सामाजिक स्थानाची निदर्शक आहे. ते दरबारी चित्रकारांच्या घराण्यातील नव्हते. कारागिरांच्या समाजातून ते चित्रकलेकडे आले होते.

येथे धातुकामाचे स्वरूप ध्यानात घेणे आवश्यक आहे. सपाट पत्र्यातून घागर किंवा हंडा घडविताना कारागिराला तयार होणारा घनाकार सतत डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. कोठे ठोकले असता पत्रा किती वळेल, कड कोठे येईल, दोन बाजू समतोल आहेत की नाहीत, याचा अंदाज हात आणि डोळा एकाच वेळी घेत असतात. मठारकाम करताना उजेड भांड्याच्या पृष्ठभागावर कसा पडतो, यावरूनच घाव सारखे बसले किंवा नाही हे कळते. सपाट पृष्ठभागावर घनतेचा आभास निर्माण करणे हे पाश्चात्त्य रेखाटनाचे मर्म आहे. या व्यवसायाच्या संस्कारात वाढलेल्या व्यक्तीला ते मर्म अगदीच परके वाटले नसावे, असे अनुमान काढण्यास जागा आहे. कारागिरी आणि ललित कला यांत उच्चनीचतेची भिंत उभी करणाऱ्या दृष्टिकोनाचा पुनर्विचार करण्यास गंगाराम यांचे उदाहरण म्हणूनच प्रवृत्त करते.

शनिवारवाड्यातील चित्रशाळा :

जेम्स वेल्स यांचा जन्म १७४७ मध्ये स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे झाला. १७९१ मध्ये ते मुंबईस आले आणि पुढील वर्षी मॅलेट यांच्या आश्रयाने पुण्यात दाखल झाले. त्यांनी सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे एकत्रित तैलचित्र काढले. ते आज लंडन येथील रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. पेशव्यांच्या परवानगीने मॅलेट यांनी शनिवारवाड्यातच चित्रशाळा सुरू केली, असे पारसनीस नमूद करतात. या शाळेतील निपुण विद्यार्थी म्हणून त्यांनी गंगाराम तांबट यांचा उल्लेख केला असून वेरूळ व कार्ले येथील लेण्यांच्या त्यांच्या चित्रांचाही निर्देश केला आहे.

तथापि गंगाराम यांना केवळ वेल्स यांचे विद्यार्थी मानणे कालानुक्रमाशी विसंगत ठरते. शिकारखान्यातील गेंड्याच्या त्यांच्या चित्रावर नोव्हेंबर १७९० चा निर्देश आहे. वेल्स मुंबईत उतरले ते त्यानंतर, म्हणजे १७९१ मध्ये. याचा अर्थ असा की, वेल्स यांची भेट होण्यापूर्वीच गंगाराम मॅलेट यांच्यासाठी चित्रे काढीत होते आणि प्रत्यक्ष पाहून रेखाटन करण्याची सवय त्यांना लागलेली होती. वेल्स यांच्या सहवासात त्यांच्या तंत्रात भर पडली, हे मान्य करूनही त्यांच्या कलेचा उगम युरोपीय गुरूपासून झाला, असे म्हणता येणार नाही. एका चित्रावरील एका तारखेने गुरुशिष्य संबंधाचे रूढ चित्र कसे बदलते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

प्रमुख चित्रे :

(अ) शिकारखान्यातील गेंडा : पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. तेथे सिंह, वाघ, गेंडा असे प्राणी पाळलेले असत. गंगाराम यांनी कागदावर जलरंगात काढलेला गेंडा हे त्यांचे सर्वाधिक परिचित चित्र आहे. या चित्राचे महत्त्व कळण्यासाठी युरोपातील गेंड्याच्या चित्रांचा इतिहास थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. १५१५ मध्ये भारतातून लिस्बन येथे एक गेंडा नेण्यात आला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने तो स्वतः पाहिला नव्हता. दुसऱ्याने केलेले वर्णन आणि एक रेखाटन यांच्या आधारे त्याने लाकडी ठशावरून गेंड्याचे चित्र छापले. त्यात कातडीच्या घड्यांना चिलखताच्या पत्र्यांचे रूप आले आणि मानेमागे एक लहानसे जादा शिंगही उगवले. हे चित्र इतके प्रभावी ठरले की, पुढे दोन शतकांहून अधिक काळ युरोपातील ग्रंथांत त्याच्या नकला होत राहिल्या.

गंगाराम यांच्यासमोर असा कोणताही प्रमाणभूत मानलेला नमुना नव्हता. त्यांच्यासमोर होता तो जिवंत प्राणी. त्यामुळे त्यांच्या चित्रात कल्पित शिंग नाही, चिलखत नाही. योगायोगाने याच सुमारास लंडनमध्ये जॉर्ज स्टब्ज हा प्रख्यात प्राणिचित्रकार शरीरशास्त्रज्ञ जॉन हंटर यांच्यासाठी गेंड्याचे चित्र रंगवीत होता. एकाच काळात लंडन आणि पुणे येथे दोन चित्रकार एकाच प्राण्याकडे निरीक्षकाच्या नजरेने पाहत होते. यांपैकी स्टब्ज यांचे नाव जगभर झाले आणि तांबट यांचे नाव संग्रहालयाच्या सूचीत राहिले.

(आ) मल्ल आणि पर्वती : व्यायाम करणाऱ्या मल्लांचे गंगाराम यांचे चित्र पेशवेकालीन तालीमसंस्कृतीचा दृश्य पुरावा म्हणून मोलाचे आहे. १७९५ च्या सुमाराच्या त्यांच्या पर्वतीच्या चित्रात टेकडी आणि तिच्यावरील देवालये दिसतात. पर्वतीचे देवस्थान नानासाहेब पेशव्यांच्या काळात उभे राहिले. पेशवाईचा अस्त होण्यापूर्वी, पेशव्यांची तेथे जाण्याची प्रथा चालू असतानाच, एका पुणेकराने काढलेले हे पर्वतीचे दृश्य आहे. नगराच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचे मूल्य वेगळे सांगावयास नको.

(इ) वेरूळची रेखाटने : गंगाराम यांच्या कार्यातील सर्वांत महत्त्वाकांक्षी भाग म्हणजे वेरूळच्या लेण्यांची रेखाटने. आज लेण्यांना दिलेले १ ते ३४ हे क्रमांक, बौद्ध, हिंदू व जैन अशी त्यांची वर्गवारी आणि त्यांचा कालनिर्णय यांपैकी काहीही त्या काळी सिद्ध झालेले नव्हते. अशा स्थितीत चित्रकाराला समोर दिसेल त्याची नोंद करीत जावे लागे.

कैलास लेणे हे या दृष्टीने विशेष अवघड आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाशी संबंधित हे मंदिर डोंगर वरून खाली कोरत जाऊन घडविले आहे. सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद अशा खोल प्रांगणात ते उभे आहे. बांधीव मंदिराभोवती चित्रकाराला दूर जाऊन संपूर्ण इमारत दृष्टीत सामावता येते. येथे मात्र तिन्ही बाजूंना कातळ आणि पुढे प्रवेशाची भिंत असल्यामुळे मागे सरकण्यास जागाच नसते. कडेच्या माथ्यावरून पाहावे तर शिखर दिसते, पण तळातील हत्तींची रांग नीट दिसत नाही. तळातून पाहावे तर शिखर दृष्टीआड होते. त्यामुळे अनेक ठिकाणांहून पाहून, मापे घेऊन आणि तुकड्यातुकड्यांनी केलेली निरीक्षणे कागदावर जुळवूनच त्याचे चित्र साधावे लागते. चित्रकाराकडून येथे हाताच्या कौशल्याइतकीच स्थापत्याच्या आकलनाचीही अपेक्षा असते.

मॅलेट यांनी १७९४ मध्ये वेरूळच्या लेण्यांचे वर्णन गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांच्याकडे पाठविले. शोअर हे त्या वेळी एशियाटिक सोसायटीचेही अध्यक्ष होते. 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडात हे वर्णन गंगाराम यांच्या रेखाटनांवर आधारित चित्रांसह प्रसिद्ध झाले. कैलास लेण्याची ओळख विद्वज्जगताला करून देणाऱ्या आरंभीच्या लेखनांत याची गणना होते. अर्थात या ज्ञानाच्या मुळाशी असलेले डोळे आणि हात एका पुणेकर तांबटाचे होते.

१७९५ चा आघात :

२७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव पेशवे यांचा शनिवारवाड्यात पडून झालेल्या दुखापतीने मृत्यू झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर १७९५ मध्ये, साष्टी बेटावरील लेण्यांचे काम करीत असताना जेम्स वेल्स आजारी पडले आणि तेही निवर्तले. ज्या चित्रशाळेला पेशव्यांची अनुमती आणि वेल्स यांचे मार्गदर्शन असे दुहेरी अधिष्ठान होते, तिचे दोन्ही आधार अशा रीतीने एकाच ऋतूत नाहीसे झाले. पेशवेपदासाठी सुरू झालेल्या कारस्थानांच्या काळात कलाशिक्षणास स्थैर्य लाभणे शक्य नव्हते. १७९७ मध्ये मॅलेट यांनीही पुणे सोडले. पुढे १७९९ मध्ये वेल्स यांची ज्येष्ठ कन्या सुझॅना हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि वेल्स व मॅलेट या दोघांचेही चित्रसंग्रह एकाच कुटुंबाकडे आले.

श्रेयाचा प्रश्न आणि मुद्रणाची प्रक्रिया :

गंगाराम यांचे नाव मागे कसे पडले, हे समजण्यासाठी तत्कालीन चित्रमुद्रणाची प्रक्रिया पाहणे अगत्याचे आहे. अठराव्या शतकात कागदावरील चित्र जसेच्या तसे छापण्याची सोय नव्हती. मूळ रेखाटनावरून खोदकाम करणारा कारागीर तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरीत असे. छटा हव्या असतील तर 'ॲक्वाटिंट' या पद्धतीने पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून आम्लाने तो खाववीत आणि शाई भरून ठसा उमटवीत. छापील चित्राखाली डाव्या कोपऱ्यात रेखाटनकाराचे आणि उजव्या कोपऱ्यात खोदकामगाराचे नाव देण्याचा युरोपात प्रघात होता. मात्र एका चित्रामागे अनेक हात असले म्हणजे कोपऱ्यात कोणाचे नाव घालावयाचे, हा निर्णय प्रकाशकाचा असे.

वेरूळच्या बाबतीत हेच घडले. थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने वेरूळच्या २४ दृश्यांचा संग्रह १८०३ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केला. ही दृश्ये जेम्स वेल्स यांच्या रेखाटनांवरून कोरली असल्याचे त्याच्या मुखपृष्ठावर नमूद आहे. वेल्स यांनी वेरूळ येथे काम केले होते, यात शंका नाही. परंतु पुण्यातील या उपक्रमात गंगाराम यांचाही वाटा होता. मुखपृष्ठावर मात्र नाव आले ते वेल्स आणि डॅनियल यांचे. असाच प्रकार १७९० च्या तहाच्या दरबाराचे भव्य तैलचित्र घडविताना दिसतो. वेल्स यांनी पुण्यात त्याची पूर्वतयारी केली आणि त्यांच्या मृत्यूनंतर पुण्याचा दरबार कधीही न पाहिलेल्या डॅनियल यांनी ते १८०५ मध्ये पूर्ण केले. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयात डॅनियल यांच्याच नावे आहे. म्हणजे या साखळीत प्रत्येक टप्प्यावर आधीच्या हाताचे नाव पुसट होत गेले. सर्वांत आरंभीचा हात गंगाराम यांच्यासारख्या भारतीय चित्रकाराचा असल्यास त्याचे नाव प्रथम गळून पडणे ओघानेच आले.

याच्या उलट उदाहरण कलकत्त्याचे आहे. न्यायाधीश सर एलिजा इंपी यांची पत्नी मेरी इंपी हिने १७७७ ते १७८२ या काळात शेख झैनुद्दीन, भवानी दास आणि राम दास या पाटण्याच्या चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची तीनशेहून अधिक चित्रे काढवून घेतली. त्या चित्रांवर फारसी लिपीत चित्रकारांची नावे लिहिलेली आहेत. केवळ या नोंदींमुळे हे तिघे आज कलेतिहासात मान्यता पावले आहेत. लंडनच्या वॉलेस कलेक्शनने २०१९-२० मध्ये भरविलेल्या कंपनीकालीन चित्रांच्या प्रदर्शनात अशा विस्मृत भारतीय चित्रकारांनाच केंद्रस्थान देण्यात आले होते. नावाची एक ओळ चित्रावर असणे आणि नसणे, यांतील अंतर किती मोठे असते हे यावरून कळते.

संग्रहांचा प्रवास :

गंगाराम यांची चित्रे आज प्रामुख्याने अमेरिकेतील न्यू हेवन येथील येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट या संस्थेत पॉल मेलन संग्रहात आहेत. वेल्स यांची रोजनिशीही तेथेच आहे. चित्रे आणि रोजनिशी एकाच छताखाली आल्यामुळे परस्परांचा पडताळा घेणे शक्य झाले. होली शाफर या अभ्यासिकेने २०११ मधील 'अडॅप्टिंग द आय' या प्रदर्शनग्रंथात आणि २०२२ मधील 'ग्राफ्टेड आर्ट्स' या ग्रंथात पश्चिम भारतातील मराठे आणि इंग्रज यांच्या कलाव्यवहाराची मांडणी करताना गंगाराम यांना महत्त्वाचे स्थान दिले आहे.

मराठी चित्रकाराची चित्रे पाहण्यासाठी अमेरिकेत जावे लागावे, ही बाब खेदजनक खरीच. तथापि या प्रश्नाची दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, संगमावरील रेसिडेन्सी जाळण्यात आली आणि तेथील ग्रंथ व कागदपत्रे भस्मसात झाली. चित्रशाळा ज्या शनिवारवाड्यात होती, तो वाडा फेब्रुवारी १८२८ मधील आगीत जळाला. गंगाराम यांची चित्रे यांपैकी कोणत्याही ठिकाणी राहिली असती तर ती आपणापर्यंत पोहोचली नसती. देशाबाहेर गेल्यामुळे ती वाचली आणि देशाबाहेर गेल्यामुळेच ती विस्मृतीत गेली, असा हा विरोधाभास आहे. येल येथील संस्थेने यांपैकी अनेक चित्रांच्या प्रतिमा संगणकीय महाजालावर उपलब्ध करून दिल्यामुळे ग्रामीण भागातील महाविद्यालयातही ही चित्रे आता वर्गात दाखविता येतात.

अध्यापन आणि स्थानिक संशोधन यांच्या दृष्टीने महत्त्व :

इतिहास, मराठी आणि कला या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना गंगाराम यांच्या अभ्यासातून काही दिशा मिळू शकतात. पेशवाईचा अभ्यास लढाया, तह आणि वंशावळी यांपुरता मर्यादित न ठेवता त्या काळातील दृश्य साधनांपर्यंत नेता येतो. विद्यार्थ्यांना पर्वतीचे १७९५ चे चित्र आणि आजचे छायाचित्र शेजारी ठेवून निरीक्षण करावयास सांगितले, तरी इतिहासाच्या साधनांची चिकित्सा कशी करावी याचा पहिला पाठ सहज देता येईल.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, नाव नसलेल्या रेखाटनकारांचा शोध हा आपल्या परिसरातही घेता येतो. सोलापूरच्या जॅकार्ड मागावरील चादरीची नक्षी विणण्यापूर्वी कोणीतरी ती चौकटीच्या कागदावर रेखाटलेली असते. चादर सोलापूरच्या नावाने सर्वत्र जाते, पण नक्षीकाराचे नाव तिच्यासोबत जात नाही. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी सुरू झाली. या रेल्वेचे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचे नाव रेल्वेच्या इतिहासात नोंदले गेले. परंतु कुर्डुवाडीच्या कारखान्यात सुट्या भागांची रेखाटने वाचून ते घडविणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या पिढ्यांची नावे अशा इतिहासात आढळत नाहीत. जुनी रेखाटने, नक्षीचे कागद, कारागिरांच्या कुटुंबांतील वह्या यांची नोंद महाविद्यालयांच्या प्रकल्पांतून वेळीच झाली, तर उद्याच्या संशोधकाला या साधनांसाठी परदेशी संग्रहालयांवर अवलंबून राहावे लागणार नाही. मात्र अशी नोंद करताना वस्तूबरोबर ती घडविणाऱ्याचे नाव, गाव आणि काळ लिहून ठेवणे हा नियम कटाक्षाने पाळला गेला पाहिजे.

निष्कर्ष :

१) गंगाराम तांबट यांच्या १७९० मधील चित्रावरून असे दिसते की, प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेले चित्रण पुण्यात वेल्स यांच्या आगमनापूर्वीच सुरू झाले होते. महाराष्ट्रातील आधुनिक चित्रकलेच्या इतिहासाचा आरंभबिंदू १८५७ च्या मागे नेण्यास यामुळे आधार मिळतो.

२) गंगाराम हे युरोपीय चित्रकाराचे केवळ अनुकरण करणारे विद्यार्थी नव्हते. कारागिरीचा वारसा, पुण्याचा परिसर आणि नव्या तंत्राची ओळख या तिन्हींच्या मेळातून त्यांची चित्रदृष्टी घडली.

३) वेरूळच्या लेण्यांविषयी आधुनिक विद्वत्तेच्या पायाभरणीत त्यांच्या रेखाटनांचा वाटा आहे. लेण्यांच्या अभ्यासाच्या इतिहासात त्यांचे नाव मॅलेट, वेल्स आणि डॅनियल यांच्या बरोबरीने घेतले जाणे न्याय्य ठरेल.

४) चित्रकाराची प्रसिद्धी केवळ त्याच्या गुणांवर अवलंबून नसते. मुखपृष्ठावर कोणाचे नाव छापले गेले, चित्रावर कोणाची नोंद राहिली आणि संग्रह कोणाच्या हाती गेला, या व्यावहारिक बाबीही ती ठरवितात.

शनिवारवाड्यातील चित्रशाळेचे अस्तित्व अल्पकाळच टिकले. परंतु तेथील विद्यार्थ्याने काढलेले कागद सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतरही आपल्या काळाची साक्ष देत आहेत. त्या कागदांखाली त्यांच्या कर्त्याचे नाव आता लिहिले गेले आहे. ते मराठी पाठ्यपुस्तकांत आणि वर्गांत नेणे हे पुढील कार्य अध्यापकवर्गाचे आहे.